वाचकांचे प्रश्न : शिडाची होडी, खाडीकाठचा मुक्काम आणि तिथीची पाऊणपट

मागील महिन्यात या सदरात शिडाच्या लहान होड्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या बेताविषयी आहेत : क्लबाबरोबर शनिवारी निघायचे, दिवसभर होडी चालवायची, रात्री किनाऱ्यावर तंबूत राहायचे आणि रविवारी परतायचे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न छापण्याची सदराची प्रथा असल्यामुळे केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या क्लबाने जानेवारीत दाभोळच्या खाडीत दोन दिवसांची सफर आखली आहे. दोघादोघांच्या सहा होड्या असतील. सगळ्या चौदा-पंधरा फुटी, शिडाच्या आणि इंजीन नसलेल्या. रात्री खाडीकाठच्या एखाद्या गावाजवळ तंबू ठोकायचे आहेत. तारीख अजून ठरलेली नाही. चांदणे मिळावे म्हणून बऱ्याच जणांना पौर्णिमेचा शनिवार हवा आहे. आपले मत काय? – ठाणे

उत्तर : पौर्णिमेचा शनिवार निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या एका निर्णयावर आपली पूर्ण सफर अवलंबून असल्यामुळे त्याची कारणे सविस्तर सांगतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब आपण ऐकला असेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी; पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या आगेमागे भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी साडेपाचला ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हेच या पाऊणपटीचे मूळ आहे. हा हिशेब अंदाजाचा आहे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणला पाणी मुंबईच्या आधी भरते आणि खाडीत आत गेल्यावर ते मुखापेक्षा उशिरा भरते. म्हणून नक्की वेळा छापील कोष्टकावरूनच घ्याव्यात. परंतु तारीख निवडताना पाऊणपट पुरेशी असते.

आता वाऱ्याकडे पाहू. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, मग तासदोन तास हवा पडते आणि दुपारी बारा-एकपासून खारा वारा सुरू होतो, जो पश्चिम-वायव्येकडून येऊन सूर्यास्तापर्यंत टिकतो. वाशिष्ठी नदी चिपळूणकडून पश्चिमेला येऊन दाभोळला समुद्राला मिळते. त्यामुळे दुपारचा खारा वारा आपल्याला पाठीमागून खाडीत ढकलतो आणि सकाळचा मतलई वारा परत मुखाकडे आणतो. शिडाच्या होडीला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंचेचाळीस अंश सोडून नागमोडी जावे लागते आणि अंतर जवळजवळ दीडपट होते. अरुंद खाडीत दर दोन मिनिटांनी होडी फिरवत असे जाणे नवख्या माणसाला फार थकवणारे असते.

या दोन गोष्टी एकत्र मांडल्या की उत्तर आपोआप मिळते. शनिवारी अष्टमी असेल तर दुपारी बारापासून पाणी आत येऊ लागते आणि त्याच सुमारास खारा वाराही आत येऊ लागतो. एक वाजता मुखाजवळून निघाल्यास दोन ते चार या वेळेत भरतीची ओढ सर्वांत जोरात असते, कारण भरतीच्या सहा तासांतील तिसऱ्या आणि चौथ्या तासातच एकूण चढापैकी निम्मे पाणी चढते. साडेचारच्या सुमारास आपण मुक्कामाला पोहोचता, तेव्हाही पाणी चढतेच असते. हे फार महत्त्वाचे आहे. चढत्या पाण्यात होडी गाळाला टेकली तर दहा मिनिटांत पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत कांदळवनाच्या चिखलात बसून राहण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. रविवारी नवमीला पावणेसातच्या सुमारास पाणी भरून उतरू लागते, मतलई वारा वाहत असतो आणि दोन्ही मिळून होडीला मुखाकडे आणतात. अकराच्या आत होड्या काठावर घ्याव्यात. त्यानंतर खारा वारा सुरू होऊन उतरत्या पाण्याच्या विरुद्ध वाहू लागतो आणि मुखाशी लाटा आखूड व उभ्या होतात.

पौर्णिमेच्या शनिवारी हेच सगळे उलटे होते. दुपारी आत जाताना पाणी बाहेर धावते, तेही उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या, जोराने, आणि संध्याकाळी तंबूच्या जागी पोहोचावे तो काठापासून शंभर पावलांवर चिखल उघडा पडलेला असतो. रविवारी सकाळी मतलई वारा बाहेर नेऊ पाहतो, तर सहापासून बारापर्यंत भरतीचे पाणी आत येत असते. दोन्ही दिवस वारा आणि पाणी एकमेकांशी भांडत राहतात आणि त्या भांडणात आपली होडी असते. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती मुळातच मवाळ असते, हा आणखी एक लाभ. शनिवारी सप्तमी ते दशमी यांपैकी कोणतीही तिथी असली तरी हा हिशेब थोड्याफार फरकाने जुळतो.

चांदण्याची हौस असलेल्यांनी शुद्ध पक्षातील अष्टमी निवडावी. सूर्यास्ताला अर्धा चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. स्वयंपाक, जेवण आणि होड्या पुन्हा एकदा तपासणे एवढ्याला तो पुरेसा आहे.

अंतर दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नये. वाऱ्याने साथ दिली तर अशी होडी ताशी पाच-सहा किलोमीटर सहज जाते. साथ न दिल्यास वल्हवावे लागते, म्हणून प्रत्येक होडीत दोन वल्ही असलीच पाहिजेत. एके काळी याच खाडीतून भरतीच्या पाण्यावर मालाची गलबते चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत जात, हे खरे. पण ती चालवणारे तांडेल पिढीजात होते आणि त्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचे नसे. दाभोळ आणि धोपावे यांच्यामधून वाहने नेणारी फेरीबोट सतत ये-जा करत असते. तिच्या पुढून जाण्याचा मोह टाळून नेहमी मागून जावे, कारण अरुंद मार्गात शिडाच्या होडीने मोठ्या बोटीची वाट अडवायची नसते. शेवटची सूचना मुक्कामाविषयी : वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि त्या खाडीच्या आतल्या चिखलकाठांवर दिसतात. तंबू पाण्यापासून दूर, उंचावर, शक्यतो गावाच्या धक्क्याजवळ किंवा परवानगी घेऊन देवळाच्या आवारात असावेत, आणि अंधार पडल्यावर भांडी घासायला कोणीही पाण्याच्या काठी जाऊ नये.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी नोव्हेंबरच्या सुरुवातीला अशाच सफरीला जाऊ इच्छिते. तलावात ती उत्तम पोहते. क्लबाने लाइफ जॅकेट आणि सोबत एक यंत्रहोडी देण्याचे कबूल केले आहे. तिला अडवायचे नाही, पण नेमके काय विचारून घ्यावे हे मला कळत नाही. – कोल्हापूर

उत्तर : आपण तिला अडवत नाही, याचा मला आनंद वाटतो. विचारायचा पहिला प्रश्न असा, की सफरीपूर्वी प्रत्येकाकडून होडी उलटवून पुन्हा सरळ करण्याचा सराव करून घेतला जाणार आहे का. शिडाची लहान होडी कधी ना कधी कलंडतेच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. होडीच्या तळातून खाली सोडलेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करायची असते. मात्र हे पहिल्यांदाच भर खाडीत करण्याची वेळ येऊ नये. आपल्या मुलीने उथळ पाण्यात, कपडे आणि जॅकेट घालून, किमान तीन वेळा हे केलेले असावे. आणि चांगले पोहणाऱ्यांना जी गोष्ट पटवावी लागते ती तिलाही पटवावी : होडी सरळ झाली नाही तरी तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचे नाही. पाण्यातले डोके पन्नास मीटरवरूनही चटकन दिसत नाही; उलटी होडी दुरून दिसते आणि ती बुडत नाही.

दुसरा प्रश्न जॅकेटचा. त्यावर न्यूटनमध्ये एक आकडा छापलेला असतो. पन्नास न्यूटनचे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला आधार देते. बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर वळवीलच असे नाही. दीडशे न्यूटनचे जॅकेट त्यासाठी बनवलेले असते, पण ते घालून लहान होडीत हालचाल करणे अवघड जाते. बचावाची यंत्रहोडी खरोखर जवळ असेल तर पन्नासचे चालते, आणि म्हणूनच त्या यंत्रहोडीविषयी खोलात जाऊन विचारावे : ती किती होड्यांमागे एक आहे, ती चालवणारा माणूस सफरीचा प्रमुखच आहे का, आणि जेवणाचे सामान वाहण्यासाठी ती पुढे निघून जाणार आहे का. सहा होड्यांमागे एक यंत्रहोडी आणि ती चालवायला स्वतंत्र माणूस, यापेक्षा कमी व्यवस्था मी स्वीकारणार नाही. किनाऱ्यावर थांबलेल्या एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे सर्वांची नावे, होड्यांचे रंग आणि परतीची वेळ लिहून दिलेली असावी, आणि समुद्रावरील संकटासाठी असलेला तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

आपण लिहिलेल्या महिन्याविषयीही सांगावेसे वाटते. पावसाळा सरला की समुद्र निवला, अशी शहरात समजूत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही काळ आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ याच किनाऱ्यावर आले, आणि कोकणातील अनेक मच्छीमार त्यात परतले नाहीत. सफर नोव्हेंबरच्या सुरुवातीला असेल तर आदल्या आठवड्यापासून हवामान विभागाने मच्छीमारांसाठी दिलेले इशारे रोज वाचणे ही क्लबाची जबाबदारी आहे. ते वाचतात का, हे अवश्य विचारावे. डिसेंबरपर्यंत थांबण्याची तयारी असेल तर मी थांबेन.

प्रश्न : मी खाडीकाठच्या गावात शिक्षक आहे आणि माझे वडील मासेमारी करतात. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या शिडाच्या होड्या जाळ्यांवरून जातात. गेल्या हंगामात एका होडीने जाळे फाडले आणि थांबण्याचे सौजन्यही दाखवले नाही. या मंडळींना काही शिकवले जाते की नाही? – रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील संताप योग्य आहे, आणि या सदराचे वाचक असलेल्या प्रत्येक क्लबाने ते पत्र सफरीपूर्वी सर्वांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. जाळे हे आपल्या वडिलांचे शेत आहे. समुद्रावरील धडक टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारही, जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या बोटीला शिडाच्या होडीने वाट द्यायची असते. यंत्राच्या बोटीने शिडाला वाट द्यावी हा नियम अनेकांना पाठ असतो, त्याच्या पुढची ही ओळ मात्र कोणी वाचत नाही.

नवख्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. पाण्यावर एक बोया किंवा झेंडी दिसली की तिची जोडीदार झेंडी कुठे आहे ती शोधावी. दोन्हींच्या मध्ये जाळे पसरलेले असते आणि ते वरून दिसत नाही. वळसा घालून जावे. वळसा घालणे शक्यच नसेल तर तळाची फळी आणि सुकाणू वर उचलून, आधीच्या वेगावर सरकत पार व्हावे. डोल या पिशवीसारख्या जाळ्याचे खुंट खाडीत आणि मुखाबाहेरही रोवलेले असतात. डोल पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून उधाणाच्या दिवसांत तिचे काम जोरात असते. ठाण्याच्या वाचकांना भांगाचा शनिवार सुचवण्यामागे हेही एक कारण होते. परंतु जाळी नसतानाही खुंट तसेच उभे असतात, आणि पूर्ण भरतीला ते पाण्याखाली जाऊन होडीचा तळ फोडू शकतात. मालवणकडे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल, तर दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मधल्या अर्धवर्तुळात होडी लावू नये. रापण पूर्ण ओढून होईपर्यंत बाहेर थांबावे.

आणि जाळ्यात अडकलाच तर आधी शीड उतरवावे, फळी वर घ्यावी आणि हातांनी सोडवावे. सुरी काढू नये. जाळे फाटल्यास त्या बोटीजवळ जाऊन, ती नसेल तर गावात जाऊन, मालकाला भेटावे आणि भरपाई द्यावी. क्लबाने प्रत्येक सफरीच्या खर्चात यासाठी काही रक्कम आधीच बाजूला ठेवली तर हा प्रश्न वैयक्तिक खिशाचा उरत नाही. आपल्या गावी येणाऱ्या क्लबाला आपण एकदा शाळेत बोलावून आपल्या वडिलांशी बोलणे करून द्यावे, असेही सुचवतो. जाळी कुठे असतात, वाळूचा दांडा यंदा कोणत्या अंगाला सरकला आहे आणि धक्क्यावर होडी कुठे लावल्यास अडचण होत नाही, हे त्यांना आपल्या वडिलांइतके अचूक दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही आंजर्ल्याच्या पुळणीवर होड्या लावून रात्री शेकोटी करणार आहोत आणि दुसऱ्या दिवशी सुवर्णदुर्गावर मुक्काम करणार आहोत. परवानगी लागते का? – पुणे

उत्तर : सुवर्णदुर्गावर मुक्काम करता येणार नाही, तो संरक्षित स्मारक आहे आणि सूर्यास्तानंतर तेथे थांबता येत नाही. दिवसा जाऊन पाहून यावे. किल्ल्याजवळच्या हर्णै बंदरात मासेमारी बोटींची मोठी वर्दळ असते, म्हणून किल्ल्याकडे जाण्यापूर्वी बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात होड्यांची व माणसांची नोंद करावी. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की गावकरी पोलिसांना कळवतात, आणि त्यांनी तसे करणे योग्यच आहे. पुळणीवर तंबू ठोकण्यासाठी ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यावे. सुरूचे बन वन विभागाच्या ताब्यात असेल तर त्यांचीही परवानगी घ्यावी.

शेकोटीविषयी मात्र माझी आग्रहाची विनंती आहे, की ती या किनाऱ्यावर या महिन्यात करूच नये. आंजर्ले, केळशी, वेळास, दिवेआगर, गुहागर येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वर येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात. हा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि पिल्ले दीड ते दोन महिन्यांनी बाहेर पडतात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी घरटी आणि पिल्ले दोन्ही किनाऱ्यावर असतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे संवर्धन उभे केले, आणि आज अनेक गावांतील कासवमित्र पहाटे उठून पुळण तपासतात, अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. तरीही प्रत्येक घरटे सापडतेच असे नाही. अंडी घालायला आलेली मादी उजेड आणि हालचाल पाहून परत फिरते. वाळूतून निघालेले पिल्लू समुद्रावरच्या फिकट उजेडाकडे जायचे सोडून शेकोटीकडे किंवा विजेरीकडे चालू लागते.

म्हणून पुळणीवर मुक्काम करायचा असेल तर आधी गावातील कासवमित्रांना भेटावे आणि ते दाखवतील त्याच जागी होड्या वर ओढाव्यात. होडी वाळूवरून फरफटत नेण्याऐवजी सर्वांनी मिळून उचलावी. तंबू पुळणीवर न लावता मागे गावाच्या बाजूला लावावेत आणि स्वयंपाक लहान गॅसच्या शेगडीवर करावा. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर एका ठिणगीने पेटतो, हेही ध्यानात असू द्यावे. पहाटे पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मिळाली, तर आपल्यापैकी कोणालाही शेकोटीची आठवण होणार नाही याची मला खात्री आहे.

प्रश्न : जेवणाचे आणि झोपण्याचे सामान काय न्यावे? होडीत जागा किती कमी असते, याचा अंदाज नाही. – नाशिक

उत्तर : पाणी आधी भरावे आणि उरलेल्या जागेत बाकीचे बसवावे. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरावे, कारण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि तहान उशिरा लागते. जेवणाला मऊ भात, मेतकूट, तूप, भाजलेली सुकट, न्याहरीला गुळाबरोबर सातूचे पीठ, आणि दुपारी होडीतच खाता येतील अशा पोळ्या व फणसपोळी पुरे होतात. कोरडे कपडे आणि पांघरूण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवून ते पिंप होडीला बांधावे. थंडीत कोकणात दव इतके पडते की उघड्यावर ठेवलेली सतरंजी सकाळी पिळून काढावी लागते, म्हणून तंबूला वरचे आच्छादन असलेच पाहिजे. पायात जुने बूट घालावेत आणि उथळ पाण्यातून होडी ओढताना पाय उचलून न टाकता घासत चालावे. वाळूत दडलेला पाकट मासा त्या चाहुलीने दूर जातो. त्याच्या शेपटीचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही रात्रभर प्रवास करून रत्नागिरीच्या दक्षिणेकडील एका खाडीवर पोहोचलो. आकाश निरभ्र होते, वारा जवळजवळ नव्हता. तरीही मुखाकडे दहा-पंधरा मिनिटे पाहून प्रमुखांनी सफर रद्द केली. पैसेही परत मिळाले नाहीत. हे योग्य आहे का? – सांगली

उत्तर : रद्द करणे योग्य होते. पैशांचे नंतर सांगतो.

वारा नसताना लाटा कशा असतील, असे आपल्याला वाटले असणार. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात. त्या खोल पाण्यात जवळजवळ दिसत नाहीत; दोन लाटांमधले अंतर फार मोठे असते आणि पाणी केवळ हळूच वर-खाली होते. तीच लाट खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर आली की एकदम उभी राहून फुटते. अशा लाटा गटागटाने येतात, मध्ये कित्येक मिनिटे पाणी अगदी शांत असते, आणि तेवढ्याच वेळात पाहणाऱ्याला मुख मोकळे वाटते. आपले प्रमुख दहा-पंधरा मिनिटे पाहत राहिले ते याचसाठी. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राकडून अशा लाटांचे इशारे दिले जातात, आणि बहुधा त्यांनी ते आधी वाचलेलेही असावेत.

मी त्यांची बाजू इतक्या आग्रहाने घेतो, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी फेब्रुवारीतील एका रविवारी मी असा निर्णय घेतला नव्हता. चार होड्या होत्या आणि प्रमुख मी होतो. पौर्णिमेनंतरचा दिवस होता. सकाळची भरती आम्ही खाडीतच आरामात घालवली, आणि दुपारी अडीचला, दुसऱ्या दिवशी सर्वांना कामावर जायचे आहे या एकाच विचाराने, मुखातून बाहेर पडून शेजारच्या बंदराकडे निघालो. उधाणाची ओहोटी पूर्ण जोरात बाहेर चालली होती आणि वायव्येचा वारा तिच्या तोंडावर येत होता. पहिली होडी कशीबशी पार झाली. दुसरी दांड्यावर आडवी फिरली, उलटली आणि तिची डोलकाठी वाळूत टेकून वाकली. दोघे जण अर्धा तास होडीला धरून पाण्यात होते. मी माझ्या होडीतून त्यांना पाहत होतो आणि वाऱ्याविरुद्ध त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतो. परतणाऱ्या एका मासेमारी बोटीच्या तांडेलांनी दांड्याबाहेर नांगर टाकला, दोरीला रिकामे पिंप बांधून ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडले आणि दोघांना ओढून घेतले. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला : सकाळी पाणी भरलेले होते तेव्हा का नाही निघालात? माझ्याकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. सोमवारी आमच्यापैकी कोणीही कामावर गेले नाही.

आता पैशांविषयी. प्रवासाचा आणि आधीच विकत घेतलेल्या शिध्याचा खर्च परत मागू नये. होड्यांचे भाडे आणि यंत्रहोडीचे इंधन वापरले गेले नसेल तर तेवढी रक्कम परत मिळावी किंवा पुढच्या सफरीत वळती करावी, ही अपेक्षा रास्त आहे, आणि क्लबाने हे नाव नोंदवतानाच लिहून द्यायला हवे होते. त्याच कागदावर आणखी एक ओळ असावी : हवामान आणि लाटांचे इशारे वाचून पहिला निर्णय शुक्रवारी दुपारपर्यंत, म्हणजे कोणी गाडीत बसण्यापूर्वी, कळवला जाईल, दुसरा निर्णय किनाऱ्यावर होईल आणि तो एकट्या प्रमुखाचा असेल. आपला शुक्रवार वाया गेला, याबद्दल त्यांना अवश्य जाब विचारावा. शनिवारबद्दल त्यांचे आभार मानावेत, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नाव नोंदवायचे झाल्यास डिसेंबर किंवा जानेवारीतील शुद्ध अष्टमीच्या जवळचा शनिवार सुचवून, सफर मुखाबाहेर न नेता खाडीत आत नेण्यास सांगावे.